नागोरावची केबल

नागोराव पतंगेला कुणी शहाणपणा शिकवायला गेलं की त्याचं टाळकं सरकायचं. त्यातून शिकवणारा पंचविशीतला आणि गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला असला तर विचारूच नका. माणूस कळमनुरीकडचा. आयटीआय करून बोईसरला आला, तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मीटर आणि पॅनल सांभाळले. मग कारखान्याने नवी कंट्रोल रूम आणली, तिच्याबरोबर नवी पोरं आणली आणि नागोरावच्या हातात नारळ दिला. खरोखरचा दिला असता तर निदान चटणी तरी झाली असती.

तेव्हापासून तो एका ठेकेदाराकडे सोलरच्या जोडणीची कामं करत होता. पालघर, केळवे, सफाळे, बोलावतील तिथे मोटरसायकलवर. पिशवीत एक जाडजूड जुना लॅपटॉप, मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट असलेला, आणि स्वतः सोल्डर मारून बनवलेली केबल. आताच्या पोरांना सगळं मोबाइलवर दिसायला पाहिजे. वायफाय नसलं की यांची विद्या संपली. नागोराव म्हणायचा, "मशीन बोलत असतंय, ऐकणाऱ्याकडं केबल पाहिजे." आणि त्याच्यापुढे, "माणूस खोटं बोलंल, मशीन बोलत नसतंय." हे तो इतक्यांदा म्हणायचा की त्याच्या बायकोला ऐकूनच जांभई यायची.

सातपाटीच्या जमनाने मात्र ते जसंच्या तसं खरं मानलं. तिचं चुकलं ते एवढंच.

सातपाटीला बंदराजवळ मासे विकणाऱ्या बायकांच्या सोसायटीची एक छोटी थंड खोली आहे. विकून उरलेला माल बायका तिथे ठेवतात. छपरावर सोलरच्या पाट्या आणि बाहेरच्या ओट्याला लागून एका अडगळीच्या खोलीत इन्व्हर्टर. लोखंडी कपाटात बसवलेली करडी पेटी. थंड खोलीची सगळी वीज त्या पेटीतूनच जायची. चार वर्षांपूर्वी ती नागोरावनेच बसवली होती. आणि खोलीची राखण जमनाकडे होती. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, त्याला अकरा वर्षं झाली. गुडघे गेले, डोक्यावर टोपली घेऊन फिरणं संपलं, तेव्हा सोसायटीने तिला ही खोली सांभाळायला दिली. चार वर्षांत तिच्या हातून एक बोंबील इकडचा तिकडे झाला नव्हता.

दसऱ्याला या बायकांनी पेटीची पूजा केली. बोटीच्या इंजिनाची करतात, मग जी पेटी वर्षभर माल टिकवते तिची का नाही? दरवर्षी एक झेंडूचा हार असायचा. यंदा सोसायटीच्या अध्यक्ष चंद्रकांताबाई म्हणाल्या, हिने एवढं केलं, हिचा सत्कार करू. झालं. पेटीला शाल पांघरली, शालीवर मनगटाएवढा जाड हार, पुढे नारळ, हळदकुंकू. फोटो निघाले. पेटीच्या डोक्यावरच हवा सोडायची जाळी असते, हे कुणाला ठाऊक? जमनाला चंद्रकांताबाई म्हणाल्या, "सणाचा दिवस हाय, जा घरी." पूजा दुसऱ्या सकाळपर्यंत हलवायची नाही, ही रीतच. जमना दार लावून दुपारी घरी गेली.

सकाळी ती आली तेव्हा खोलीबाहेर गर्दी होती. पेटी बंद, आतला माल पाणी सुटून गेलेला. पापलेट, घोळ, करंदी, बावीस बायकांचा माल. बायका नाकाला पदर लावून रडत होत्या. चंद्रकांताबाईंचा मुलगा भाग्येश, बोईसरच्या कंपनीत इंजिनिअर, पेटीचं बटण खालीवर करत होता. शाल आणि हार काढून बाजूला ठेवले होते. दुपारपर्यंत गावात एकच बोलणं: जमना घरी जाताना दिवा घालवावा तसं बटण दाबून गेली.

"मी हात नाय लावला," जमना सांगत होती. कोण ऐकतंय? सोसायटीने रविवारी बैठक बोलावली. तोवर बाजारात तिच्या शेजारी कुणी बसेना. लहानपणापासूनच्या मैत्रिणी तिला बघून टोपली पलीकडे सरकवायच्या. काम गेलं तर जाऊ दे, म्हणाली असती ती. पण आपल्याच बायकांचा माल नासवणारी म्हणून या बंदरावर म्हातारं व्हायचं, हे तिला सोसवेना. तिने नागोरावला फोन केला.

"दादा, तुमी म्हनला व्हता ना, मशीन खोटं बोलत नाय. मग तिला इचारा. मी बटण दाबलं का तिलाच इचारा."

नागोरावची छाती दोन इंच फुगली. "घाबरायलाव कशाला, बाई? केबल घेऊन येतो."

रविवारी तो पोचला तेव्हा बैठकीच्या बायका अडगळीच्या खोलीच्या दाराशी गोळा झाल्या होत्या. त्याने कपाट उघडलं आणि वरच्या जाळीत बोट घातलं. झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या निघाल्या. त्याला तिथल्या तिथे सगळं कळलं. शालीखाली पेटीचा जीव गुदमरला, तापली आणि आपोआप बंद पडली. पाकळ्या त्याने हातावर घेऊन दाखवल्या.

"हार आमी दर वर्साला घालतो," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "देवाच्या हारानं कदी काय बिघडलं?"

"मग पेटीच सांगंल," नागोराव म्हणाला.

गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेल्या भाग्येशने आधी आपला नवा लॅपटॉप काढला. त्याला ते नऊ पिनांचं पोर्ट कुठलं असायला? बाजारातून आणलेला अडॅप्टर लावला, पडदा काही बोलेना. नागोराव गालात हसला. "दोन नंबरची तार तीनला आणि तीनची दोनला लागते, इंजिनिअर साहेब. तिचं बोलणं आपल्या कानात गेलं पाहिजे, तिच्याच तोंडात नाही." बायका हसल्या. जमनासुद्धा हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा. नागोरावने आपली केबल लावली, दोघांच्या बोलण्याचा वेग जुळवला. आधी पडद्यावर चौकटी आणि प्रश्नचिन्हं आली, मग इंग्रजी ओळी सरासर उतरू लागल्या. जमना हात जोडून उभी होती.

त्याने यादी वाचली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

अति गरम, बंद. हाताने बंद. अति गरम, बंद. सगळं होतं. आणि प्रत्येक ओळीपुढे एकच तारीख: एक जानेवारी दोन हजार. कुठली ओळ कुठल्या दिवसाची, काही कळायला मार्ग नाही.

कारण त्याला लगेच कळलं. पेटीच्या घड्याळाला एक बटणाएवढा सेल असतो. त्याच्याखाली कारखान्यातून प्लास्टिकची पट्टी येते. जोडणी करताना ती ओढून काढायची, मग केबल लावून तारीख-वेळ भरायची. दहा मिनिटांचं काम. पट्टी तशीच राहिली की घड्याळ चालतच नाही, पहिल्या तारखेवर अडकून बसतं. नागोरावने ते काम कधीच केलं नव्हतं, इथेही नाही, कुठेच नाही. घड्याळ बघतंय कोण, असा त्याचा हिशेब. आणि जोडणीच्या कार्डावर "घड्याळ लावले" या ओळीपुढे दर ठिकाणी बरोबरची खूण आणि खाली झोकात सही. या पेटीचं कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. त्याच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर.

भाग्येश वाकून वाचत होता. "काका, इथे तर हाताने बंद असं लिहिलंय."

"सकाळी तूच बटण खालीवर करत व्हतास, भाग्येश," जमना म्हणाली. "समद्यांनी बघितलं."

"मी चालू करत होतो, मावशी. बंद ते आधीच होतं." पोरगा खोटं बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. बंद पेटी चालू करायची म्हणून बटण आधी खाली गेलं असणार, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. "पण काका, ही तारीख अशी कशी? घड्याळ लावायचं काम कुणाचं असतं?"

सगळ्यांनी नागोरावकडे पाहिलं. एकच वाक्य बोलायचं होतं. घड्याळ मी लावलं नाही, म्हणून ही पेटी चार वर्षं वेळेचं खोटं सांगतेय, ती नोंद सकाळच्या बटणाची असू शकते, बाईवर ढकलू नका. बस. पण ठेकेदाराला कळलं तर हीही कामं जातील, हे त्याच्या डोक्यात आलं. आणि खरं सांगू? त्याहून जास्त त्याला गळ्यातल्या कार्डवाल्या पोरासमोर लाज वाटली. नुकताच हसला होता ना त्याला.

"कंपनीकडूनच तसं आलेलं असतंय," नागोराव म्हणाला.

"म्हंजे तारीख सोडली तर बाकी खरं?" चंद्रकांताबाईंनी विचारलं.

अरे, आता तरी बोल! पण तो केबल गुंडाळायला लागला. मग चंद्रकांताबाईच म्हणाल्या, रागाने नव्हे, थकून, "जमने, तूच म्हनलीस ना, मशीन खोटं बोलत नाय. तिनं लिवलंय, हातानं बंद." बायका एकेक करून पांगल्या. जमनाच्या अंगावर कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळ्या गेल्यावर नागोरावने कपाटातलं कार्ड खरवडून काढलं आणि खिशात घातलं. पेटी खोलून पट्टी ओढली, केबल लावली आणि तारीख-वेळ भरली, सेकंदापर्यंत. दोनदा चुकलं. मागे वळला तर जमना दारात उभी. तिला वाटलं तो अजून तिच्यासाठीच खटपट करतोय.

"काय केलंत, दादा?"

"घड्याळ लावलं."

"आता बरोबर येळ दाखवंल?"

"दाखवंल."

"बरं झालं," जमना म्हणाली. "माझ्यामागून जी येईल, तिला तरी कुनी असं म्हननार नाय." मग तिने त्याला चहा घेणार का म्हणून विचारलं.