सिंगल बेलचे चॅम्पियन

आमचे हे बसचे ड्रायव्हर आणि मी त्यांच्याच बसची कंडक्टर. घरी कोणाचं चालतं ते सोडा, बसमध्ये माझंच चालतं. एक बेल दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. त्यात ह्यांनी कधी हुज्जत घातली नाही.

ह्यांचं बॉक्सिंगचं खूळ लग्नाआधीपासूनचं. अंगात रग भरपूर, पण पहिल्याच मोठ्या सामन्यात माती खाल्ली. रिंगमधली बेल एकदाच वाजली आणि हे जागच्या जागी थांबले! समोरच्याने बेदम हाणलं, तरी हे आपले दुसऱ्या बेलची वाट बघत उभे. कोच डोकं धरून बसला.

पुढच्या सामन्याला मीच कोपऱ्यात जाऊन बसले. बेल झाली की तिकिटं टोचायच्या पंचने खांबावर टक टक करायचं, की ह्यांची गाडी सुटलीच. सामन्याच्या पंचांनी हरकत घेतली, तेव्हा मी म्हटलं, हाही पंचच आहे. ते हसले आणि विषय मिटला. पुढे कित्येक वर्षं चॅम्पियनपद आमच्याच घरात होतं. नवऱ्याला कसं बोटावर नाचवतेस, म्हणून शेजारणी मला चिडवायच्या.

मग डॉक्टरांनी बजावलं, डाव्या डोळ्यावर आता मार बसला तर डोळा जाईल. डोळा गेला की बसही गेली. हे म्हणाले, एवढा एकच सामना. मी खूप भांडले. ऐकतील तर शपथ.

तिसऱ्या फेरीत डोळा सुजून बंद झाला. कोच थांबवेना, हे हटेनात. मला रागाने रडू फुटलं. मी पंच उचलला आणि खांबावर एकदाच वाजवला. टक.

ह्यांचे हात खाली आले. समोरचा गडीही चक्रावून थांबला आणि पंचांनी सामना संपवला.

चॅम्पियनपद गेलं. त्यानंतर घरात हे माझ्याशी बोलेचनात. बेल मात्र पाळत होते. मीही मनधरणी केली नाही, मला काय हौस पडली होती!

मग एका दुपारी, बस गच्च भरलेली असताना, ह्यांनी करकचून ब्रेक मारला. माझी बेल नव्हती, काही नव्हतं. प्रवासी एकमेकांवर पडले आणि बोलणी मला बसली. खिडकीतून वाकून पाहिलं, तर डाव्या चाकाच्या अगदी पुढ्यात एक चिमुरडी चेंडू छातीशी धरून उभी होती. ती पळत घरात गेली.

हे मागे वळले.

"अगं, डाव्या बाजूने आली. दिसली मला."

मी डबल बेल दिली.