दाराला नारळ पडेपर्यंत

आनंदीने नवऱ्याला मारलं, असं मालवणात अजून कुजबुजतात. कुजबुजू देत मेल्यांना! मी तिची शेजारीण, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. सगळं या डोळ्यांनी पाहिलंय. तरी खरं काय, ते मलाही धड सांगता येत नाही.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत सरकारने बंदरावर ते दार उभं केलं. सरकारी नाव लांबलचक होतं. आम्ही नुसतं दार म्हणायचो. इकडून पाऊल टाकलं की तिकडे मुंबईत भाऊच्या धक्क्यावर. बोटीत दिवसभर ओकत जायचं, ते आता पापणी लवायच्या आत.

गाव पार चक्रावून गेलं. मुंबईच्या गिरण्यांत राबणारे पुरुष रोज संध्याकाळी घरी जेवायला येऊ लागले. तिकडच्या खानावळी ओस पडल्या, खोल्यांना भाडेकरू मिळेना. इकडे बांगडा जाळ्यातून निघाला की थेट मुंबईच्या बाजारात, आणि मालवणात आम्ही डाळ खायची! बोटीवरून उतारू आणणाऱ्या बाबली खलाशाने होडी उपडी घातली आणि दाराशी चहाची टपरी टाकली. आधी मुलीला मुंबईचा नवरा हवा म्हणून नवस करणारे लोक आता विचारायचे, "मुंबईचो म्हणजे खंयचो? रोज हंयच तर जेवता!"

आनंदीचा गंगारामही गिरणीतलाच. लग्नाला सतरा वर्षं झालेली, पण वर्षातून एकदा शिमग्याला पंधरा दिवस, एवढाच काय तो त्यांचा संसार. तो रोज घरी येऊ लागल्यावर बाई गोंधळली. "बाई, रोज रोज काय बोलाचा हेंच्याशी?" मला विचारायची. मी बिनलग्नाची, मी काय सांगणार कपाळ! पण तिने हळूहळू त्याला हाक मारायला शिकून घेतलं, आणि तो विहिरीवर पाणी शेंदताना दिसू लागला.

मग ज्येष्ठात बंदर बंद व्हायची वेळ आली. पावसाळ्यात आमचं बंदर दरवर्षी बंद. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कोणी पाण्यात होडी ढकलत नाही. गावचे मानकरी जयराम गावकर, त्यांनी देवळात गाव जमवला. दार बंदराच्या जागेत आहे, तेव्हा नियमही बंदराचाच, असं त्यांनी ठरवलं. आणि गंमत बघा, कोणी हसलं नाही. शिकलीसवरलेली मी, मीही मान डोलावली! बंदर बंद होण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या पुरुषांनी ट्रंका उचलल्या आणि अडीच महिन्यांसाठी मुंबईला निघून गेले. दार उघडंच होतं. सरकारी कारकून शेजारी स्टुलावर बसून माश्या मारायचा.

श्रावणात गंगारामची तार आली. अंगात ताप, उठवत नाही. तारेला पोचायला दोन दिवस लागले होते. पुनवेला आठ दिवस बाकी.

आनंदी तार घेऊन आधी गावकरांकडे गेली. ते म्हणाले, "नारळ पडांदे गो, मगे जा. समुद्र कोपलो तर गावाचा काय?" तिथून रडत माझ्याकडे आली. "तुमी शिकलेल्या. सांगा, जाव की रवू?" नियम खुळा आहे हे कळत होतं, आणि मोडायची छाती होत नव्हती. लाज वाटते आज. शेवटी तीच म्हणाली, "हे मेले तर समुद्र माका काय देतलो?" आणि तरातरा बंदराकडे चालू लागली. मी छत्री घेऊन मागे धावले.

दारातून आम्ही दोघी गेलो. धक्क्यावरून त्याची खोली गाठली. गंगाराम चटईवर, अंग तव्यासारखं तापलेलं. आम्हाला बघून म्हणाला, "नारळ पडलो?" शेजाऱ्याने सांगितलं, ताप भरला त्याच दिवशी हा घरी जायला निघाला होता. धक्क्यावर दारासमोर चार तास बाकावर बसला आणि परत आला. बंदर बंद आहे म्हणून.

इस्पितळात नेऊ, मी म्हटलं. तो घर घर करत होता. आनंदीने माझं ऐकलं नाही. तिने त्याला बखोटीला धरून दारापर्यंत आणलं. उंबऱ्यावर तो अडला. "लोक काय म्हणतले गो?" तिने मागून ढकललं.

दाराच्या अलीकडे अर्धा गाव पावसात उभा. गावकर पुढे झाले, तेव्हा मला वाटलं आता शिव्या. पण ते अगदी हळू म्हणाले, "आमचो बाळा दिसलो काय गो तुका?" त्यांचा मुलगाही तिकडेच होता. मी चिडून म्हटलं, "दार उघडं आहे, जाऊन बघा!" त्यांनी दाराकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि खाली मान घालून घरी गेले.

गंगाराम पाचव्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. गाव म्हणतं, नियम मोडला म्हणून गेला. मी म्हणते, नियम पाळला म्हणून गेला. आणि इस्पितळात नेलं असतं तर? हा विचार आला की मला झोप लागत नाही.

बाराव्याच्या दिवशी मी आनंदीला तसं बोलूनही दाखवलं.

"सतरा वर्सा झाली लगनाक," ती म्हणाली. "पावसात हे घरात कधीच नाय होते. चार दिस गावले."