हिवरखेडच्या पुढची सुमनताई

फोन आला तेव्हा मी अकोल्यात, शाळेत, नववीच्या वर्गावर होतो. भाऊजी दिवसा कधी फोन करत नाहीत. "इलास, तुही ताई अंगनात बसून राह्यली. छातीत कळ येते मनते, घाम फुटला..." मी खडू ठेवला आणि व्हरांड्यात आलो. त्यानंतरच्या चार तासांत मी काय काय केलं, हे आज दीड महिन्यानं आठवू लागतो तेव्हा लक्षात येतं, मी नुसती धावपळ केली. उपयोगाचं असं काही माझ्या हातून झालं नाही.

सुमनताई माझी थोरली बहीण. हिवरखेडच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका लहानशा गावात तिचं सासर. कित्येक वर्षं ती त्या गावाची आशाताई होती. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या हे तिचं कामच. पण साप चावला, फवारणीत विष चढलं, कोणाला झटका आला, तरी माणसं आधी तिच्या दारात यायची. गावात दवाखाना नाही. रुग्णवाहिका बोलवायची म्हटलं तरी पंचाईत, कारण जिल्ह्यात त्याच नावाचं आणखी एक गाव आहे. एकदा गाडी तिकडं गेली आणि इकडं एक म्हातारबुवा वाट पाहता पाहता गेले. तेव्हापासून ताई गावातल्या एकेका बाईकडून रस्ता पाठ करून घ्यायची... हिवरखेड सोडलं की नाल्यावरचा पूल, मग संत्र्याचा बगीचा, तिथून डावीकडं. मी एकदा हसलो. म्हटलं, मास्तर मी आहे की तू? तर म्हणाली, "तू हास बाप्पा. पन मानूस घाबरला का त्याले सोताचं गाव सांगता येत नाई. तू बी पाठ करून ठेव." मी केलं नाही.

त्या दिवशी बाजाराचा वार होता. गावातल्या साऱ्या गाड्या सकाळीच बाजाराला गेलेल्या. भाऊजींनी रुग्णवाहिकेला फोन केला होता, पण जवळची गाडी अकोल्याला पेशंट घेऊन गेलेली, दुसरी लांबून यायची होती. मी ओरडलो, अशी कशी गेली, कोणाला घेऊन गेली! तेवढ्यात ताईनंच भाऊजींच्या हातून फोन घेतला. आवाज बारीक झाला होता, पण शुद्धीत होती. "कावून वरडतं रे? कविताले घेऊन गेली. मीच पाठवली सकाळी. पयलटकरीन हाय, बाळंतपनात आडली होती." मग जरा दम घेऊन म्हणाली, "मले कायतरी बरं नाई वाटून राह्यलं, इलास." एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून स्वतःबद्दल असं काही मी ऐकलं नव्हतं. मग मी स्वतः रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, हिवरखेडहून गावाला कसं यायचं, जवळची खूण काय. मला पूल आठवला. पुढचं काही आठवेना.

शेवटी वाट न बघता भाऊजींनी शेतातला एक ट्रॅक्टर बोलावला आणि ट्रॉलीत गादी टाकून तिला आणलं. अर्ध्या रस्त्यात ती लांबून येणारी रुग्णवाहिका भेटली. वाटेतल्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या दिल्या, डॉक्टर म्हणाले, हे इथं होणार नाही, अकोल्याला न्या. मी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात आधीच पोचलो होतो. चिठ्ठी काढली, डॉक्टरांना भेटून ठेवलं, एक स्ट्रेचर अडवून फाटकाशी उभा राहिलो. ऊन डोक्यावर. दुरून सायरन ऐकू आला की स्ट्रेचर पुढं ओढायचो. दोन गाड्या आल्या, दोन्ही दुसऱ्यांच्या. तिसरी आली तिचा सायरन बंद होता... भाऊजी पुढच्या सीटवर नव्हते, मागं तिच्याजवळ बसले होते, आणि दार उघडल्यावरही उतरले नाहीत.

कागदपत्रं होईपर्यंत मी जिन्याखाली बसलो होतो. पाण्याची बाटली घेऊन चाललेली एक बाई मला ओळखून थांबली. कविताची आई. "मास्तर, तुमी इथी? पोरगी झाली कविताले! दोघी बेस हायेत. डाक्टर मने, जरा उशीर झाला असता तं हाती लागल्या नसत्या. सुमनताईले सांगा ना, त्याईचा फोन लागून नाई राह्यला." मी मान हलवली. तिला त्या क्षणी खरं सांगणं मला जमलं नाही. रागावावं तरी कोणावर? गाडी जिथं जायला हवी होती तिथंच गेली होती. त्या टापूत आणखी एक गाडी असती तर... हे वाक्य मी दीड महिना मनात घोळवतो आहे, आणि ते कोणापुढं बोलावं हेही मला कळत नाही.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेलो होतो. तिचा फोन माजघराच्या खिडकीत चार्जिंगला लावलेला. भाऊजी तो बंद होऊ देत नाहीत. चहा घेत होतो, तेवढ्यात तो वाजला. भाऊजींनी उचलला, ऐकलं आणि माझ्या हातात दिला. डोंगराकडच्या वस्तीवरून कोणी माणूस बोलत होता. बायकोला दम लागला होता. ताई गेल्याचं त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. मी त्याला वस्तीचं नाव विचारलं, रस्ता विचारला, माझ्या फोनवरून गाडी बोलावली. गाडी निघाली, असं त्याला सांगितलं. तरी तो फोन ठेवीना.

"ताई नाई काय घरी?"

"नाही. मी तिचा भाऊ."

"मंग तुमीच बोला, भाऊ. गाडी येईलोक ताई फोन ठेवत नाईत."

मागून त्याच्या बायकोचा श्वास ऐकू येत होता. तिला उशीला टेकवून बसवा, मी म्हणालो. बसवलं, तो म्हणाला. ताई अशा वेळी काय बोलत असेल, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी खिडकीशी उभा राहिलो, फोन कानाला तसाच धरून.