कमिशन सुनीलचंच

शिरूरच्या एका सायबर कॅफेत आम्हा तीन वेबसाइटवाल्यांची बैठक असायची. अशा ठिकाणी किस्से साठायला वेळ लागत नाही. वाईट एवढंच, की बहुतेक किश्श्यांत सुनील जिंकतो आणि ते सांगायचं काम माझ्याकडं येतं.

मी कॉलेजच्या लायब्ररीत कारकून. माझी साइट पुस्तकांची, एकेक परीक्षण घासूनपुसून लिहिलेलं. सुनील दौंडला रेल्वेत, त्याची साइट दौंडच्या गाड्यांच्या वेळापत्रकाची. न्हावऱ्याचे आप्पा तिसरे, त्यांची साइट दुभत्या गाईंची. २००४च्या आसपास ऑनलाइन पुस्तकं विकणाऱ्या कंपन्या सांगू लागल्या, तुमच्या साइटवर आमची लिंक लावा, तिथनं कुणी पुस्तक घेतलं की कमिशन तुमचं. मला वाटलं, ही योजना माझ्यासाठीच काढलीय.

*

मी रजिस्टरात रकाने आखले. तीन कंपन्या. पहिली कमिशन जास्त देणार, पण ठराविक रक्कम साठेपर्यंत चेक नाही. दुसरी कमी देणार, पण दर महिन्याला. तिसरी पैशाऐवजी कुपनं देणार. आठवडाभर अटी वाचून मी पहिली धरली. सुनीलला विचारलं, तू कुठली घेतलीस?

"दुसरी. तिचा फॉर्म एका पानाचा व्हता."

महिन्याभरात त्याला चेक आला. माझ्या पोटात दुखलं, उगाच कशाला लपवू?

*

मी एका पुस्तकावर चार पानं लिहायचो. सुनीलच्या साइटवर गाड्यांच्या खाली दोन-चार पुस्तकांच्या लिंका आणि त्यांच्यावर एकच ओळ होती : 'प्रवास लांबचा हाय, पुस्तक न्या.'

मी त्याला म्हटलं, "अरे, पुस्तक पोस्टानं यायला आठ दिवस लागतात. तोवर माणूस जाऊन परत येईल."

"दादा, लोक तिकीट दोन महिने आधी काढत्यात."

मी चहा सांगितला.

*

एकदा आप्पा खुशीत आले. "तुमचं त्या कादंबरीवरचं लिखाण लय आवडलं. पुस्तक घेतलं बरं का."

माझा जीव भांड्यात पडला. पहिलं गिऱ्हाईक! मी लगेच खातं उघडून बघितलं. शून्य.

"आप्पा, कुठनं घेतलं?"

"पुण्यातनं. तुमची चार पानं छापून घेतली, एसटीनं गेलो, दुकानदाराला दाखवली. त्यानं दहा टक्के सूट दिली. तुमचं नाव सांगितलं त्याला, काळजी करू नका."

*

मग मी कारेगावच्या मेव्हण्याला गाठलं. त्यानं त्याच्या कारखान्यातले सहा जण तयार केले. त्या सहांनी आणि सातव्या मेव्हण्यानं माझ्याच लिंकवरनं पुस्तकं मागवली. पण ही पोरं भाड्याच्या खोल्यांत राहणारी, शिफ्टवर असताना पार्सल घेणार कोण? म्हणून मेव्हण्यानं डोकं चालवलं आणि सातही ऑर्डरींवर माझ्या लायब्ररीचा पत्ता टाकला.

आठ दिवसांनी ईमेल आला. स्वतःच्याच लिंकवरनं स्वतः खरेदी केल्याबद्दल माझं खातं बंद. मेव्हणा म्हणाला, "पुस्तकं तर आली ना दाजी."

*

शेवटी नाक मुठीत धरून मी सुनीलच्याच कंपनीत नाव घातलं. एकच ध्यास, एक महिना तरी त्याच्यापेक्षा जास्त ऑर्डरी आणायच्या. रोज कॅफेत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायचं, आधी सुनीलची साइट उघडून आज त्यानं कुठली पुस्तकं लावलीत ते एकेक लिंक दाबून बघायचं, आणि मग माझं काम. कॉलेजातले प्राध्यापक, बँकेतले ओळखीचे, एकेकाला हाताला धरून त्याच कॉम्प्युटरवर बसवलं. बावीस ऑर्डरी भरून घेतल्या, मोजून.

महिना संपला. माझ्या खात्यात काहीच नाही. कॅफेतच कंपनीला खरमरीत पत्र लिहायला बसलो, तेवढ्यात सुनील पेढे घेऊन आला.

"दादा, ह्या महिन्यात बावीस ऑर्डरी जास्तीच्या! मी कंपनीला फोन करून इचारलं. त्येंचा नियम हाय, एका कॉम्प्युटरवर आधी ज्याची लिंक दाबली, पंधरा दिवस तिथली समदी खरेदी त्याच्या नावावर. मागनं दुसऱ्याची दाबली तरी. शिरूरमधलं कुणीतरी रोज येऊन माझ्या लिंका दाबतंय बघा. कोण हाय कळंना, पण लय मायेचा माणूस असणार."

कॅफेवाला माझ्याकडं बघत होता.

मी म्हटलं, "दोन पेढे दे."