दोनदा ठोके देणारं गाव

ही सहल एका डोलणाऱ्या मानेवर ठरली. कुवेतमधल्या आमच्या जाब्रियाच्या फ्लॅटमध्ये जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "या सुट्टीत फ्रान्समधल्या एखाद्या शेतकरी गावात राहू या." मिलिंदने मान डोलावली, मी बुकिंग करून टाकलं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला निघालो तेव्हा साहेब विचारतात, "कुठे चाललोय आपण?"

मिलिंद पेट्रोकेमिकल प्लांटवर इंजिनिअर आहे. कॉम्प्रेसरच्या आवाजात वर्षं काढून त्याला कमी ऐकू यायला लागलंय. आधी तो "काय म्हणालीस?" विचारायचा. मग विचारणं बंद झालं आणि नुसती मान हलायला लागली. कानाचा दवाखाना बिल्डिंगसमोरच आहे, पण त्याचं नाव काढायची सोय नव्हती. मी बडबडी बाई. त्या मानेपुढे मला फार एकटं वाटायचं.

असो. व्हिसाआधी अकाम्याची, म्हणजे कुवेतच्या रहिवासी परवान्याची, मुदत तपासा, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट पटापट संपतात. पॅरिसहून ट्रेनने बर्गंडीत आणि पुढे भाड्याच्या गाडीने गेलो. बसच्या भरवशावर राहिलात तर फसाल. रस्ते अरुंद आहेत, समोरून ट्रॅक्टर आला की आपणच बाजूला व्हायचं. शेतावरची खोली नाश्त्यासकट पॅरिसच्या हॉटेलपेक्षा बरीच स्वस्त पडली. शाकाहारी आहोत म्हटल्यावर रात्री बटाटे, चीज आणि वर पुन्हा चीज.

पाहायला काय आहे? दगडी चर्च, कबुतरांसाठी बांधलेला गोल मनोरा आणि बायका पूर्वी जिथे धुणं धुवायच्या ते छपराखालचं दगडी टाकं. अर्ध्या तासात गाव संपतं. मग गव्हाच्या शेतांमधून हवं तेवढं भटका.

दुसऱ्या दिवशी टाक्याच्या काठावर बसून आम्ही चेरी खात होतो. चर्चच्या घड्याळाने चार ठोके दिले. जरा वेळाने पुन्हा चार. घड्याळ बिघडलंय, असं मी ठरवून टाकलं.

संध्याकाळी आमच्या यजमानीणबाई मादाम इव्हेत यांना विचारलं. त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीतरी सांगायला लागल्या. मिलिंदची मान हलणार, तेवढ्यात तो पुढे वाकला. "काय म्हणाल्या?"

हा प्रश्न मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. बाईंनी शांतपणे पुन्हा सांगितलं, "बिघडलेलं नाही. शेतात काम चालू असलं की पहिले ठोके मोजायचे राहतात. म्हणून घड्याळ दोनदा सांगतं."

मिलिंद खो खो हसला. "म्हणजे अख्ख्या गावाचं माझ्यासारखंच!"

पुढचे दोन दिवस ठोके पडले की तो बोट वर करायचा, "थांब, परत वाजेल." आणि वाजायचेच. मीही दर वेळी थांबले, मजा येत होती.

परतलो तर एअरपोर्टच्या दारातच भट्टी. बॅगेतल्या चीजचं काय झालं ते विचारू नका. पुन्हा जायचं का? नक्की, पण एक दिवस वाढवून.

समोरच्या दवाखान्यात शनिवारची वेळ मिलिंदनेच घेतलीय. काल स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन चालू होता आणि मी नेहमीप्रमाणे काहीतरी बोलत होते. तो दारात येऊन उभा राहिला.

"पहिले ठोके चुकले," तो म्हणाला. "परत वाजव."

मी फॅन बंद केला आणि पहिल्यापासून सांगितलं.