कमलबाईचा जबाब

तालुक्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली बसून मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. हैदराबाद संस्थान ते, कचेरीची भाषा उर्दू, लोकांची मराठी आणि मधे माझी लेखणी. कोणाची म्हैस कोंडवाड्यात गेली, कोणाचा बांध सरकला, सगळं दोन आण्यांत उर्दूत होऊन जायचं. स्वभाव माझा तापट. सांगणारा मुद्दा सोडून आजोबा-पणजोबांपासून सुरू झाला की मी लेखणी खाली ठेवून पान लावायला घ्यायचो. चारठाण्याच्या कमलबाईच्या वेळी मी ती तशीच खाली ठेवली असती तर बरं झालं असतं.

कमलबाईचा नवरा चंद्रभान याच कचेरीत चपराशी होता. सहा दिवस तालुक्याला राहायचा आणि जुम्म्याच्या सुटीला पायी गावी जायचा. साधा, मान खाली घालून चालणारा माणूस. त्याला चार मुलं झाली आणि चारही गेली, कुणी बाराव्या दिवशी, कुणी वर्षाच्या आत. चौथ्याच्या वेळी कमलबाई दोन महिने बोललीच नाही असं चंद्रभान मला एकदा सांगत होता. पाचवा मुलगा झाला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायांनी ठरवलं, की हा हिच्याकडे ठेवायचाच नाही.

म्हणजे विकायचा. आमच्याकडे ही रीत होती आणि कोणाला तिचं काही वाटायचं नाही. ज्या घरातली मुलं जगतात त्या घरच्या बाईनं बाळ विकत घ्यायचं. शेजारी दिनकरराव होते, बऱ्यापैकी शेतकरी, घरात पाच पोरं धडधाकट. त्यांच्या बायकोनं, सुमनबाईनं, सूपभर ज्वारी देऊन बाळ घेतलं आणि सांभाळायला म्हणून परत कमलबाईच्याच मांडीवर दिलं. बाळाचं नाव सटवाजी ठेवलं, नाक टोचलं, अंगावर दुसऱ्यांच्या घरून मागून आणलेली जुनी अंगडी. त्या दिवसापासून कमलबाईनं त्याला आपला म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, सुमनबाईचा हाय, मी निस्ती सांभाळते. मुलं नेणाऱ्या सटवाईनं ऐकलं पाहिजे म्हणून ते मोठ्यानं सांगायचं. पुढं त्याचं लग्न निघालं की मांडवात पैसे मोजून परत घ्यायचा, मग भीती नाही.

आणि पोरगं जगलं. देवीचा गुण म्हणा, नाहीतर आणखी काही. तो कमलबाईला काकू म्हणायचा. तिच्याच कुशीत झोपायचा, तिच्याच हातचं खायचा, पण आई म्हणायचा सुमनबाईला.

गावात सगळ्यांना खरं ठाऊक होतं, त्यामुळे कागदावर काय चाललंय याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शाळेत घालताना मास्तरांनी बापाचं नाव विचारलं, तेव्हा चंद्रभाननं न अडखळता दिनकररावांचं सांगितलं. कचेरीत नोकरीच्या किताबात मुलंबाळं विचारली, तिथं त्यानं लिहवलं, औलाद नाही. आता याला मूर्खपणा म्हणायचा की माया? मी तरी त्या वेळी मूर्खपणाच म्हणालो होतो.

फसली सन तेराशे पन्नासच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीसच्या सुमाराला चंद्रभान कावीळ होऊन वारला. सटवाजी आठ वर्षांचा होता. चंद्रभानची नोकरी थोडकी झालेली, बायकोला वजीफा, म्हणजे पेन्शन, बसण्याइतकी नव्हती. पण नोकरीत मेलेल्याचं अज्ञान मूल असेल तर सरकार मेहेरबानीनं त्या मुलाला महिना काही रक्कम देत असे, आणि ती उचलायचा हक्क आईचा. मूल नसेल तर काहीच नाही. कमलबाईला शेत नव्हतं. नवऱ्याचा पगार हेच तिचं शेत. पोरगं दिनकररावांच्या घरी जेवलं असतं, त्यांनी नाही म्हटलं नसतं. पण मग ते तिच्या घरात कशाला राहिलं असतं? तिला पैसे पोटासाठी हवे होते त्याहून जास्त त्याला आपल्या छपराखाली ठेवण्यासाठी हवे होते.

ती माझ्यापुढं येऊन बसली. मी विचारलं, मुलगा कोणाचा? ती म्हणाली, सुमनबाईचा. मी सगळं जाणून होतो, तरी डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मग सुमनबाईचा नवरा मेला की ये, तेव्हा लिहू अर्ज. असं बोललो. ती उठून गेली. पंधरा दिवसांनी परत आली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आली तेव्हा तिच्या गालाची हाडं वर आलेली होती. रोज दुसऱ्याच्या रानात निंदायला-खुरपायला जाते म्हणाली, आणि संध्याकाळची भाकर पोराला दिल्यावर आपल्याला काय उरतं ते तिनं सांगितलं नाही.

तेव्हा मी हुशारी केली. मी म्हणालो, "कमलबाई, मी लिहिणार उर्दूत. सटवाईला उर्दू कुठं येतं? तू नुसता अंगठा दे."

ती हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. जरा वेळ तिनं त्या कागदाकडे पाहिलं, उजवीकडून डावीकडे गेलेल्या ओळींवरून बोट फिरवलं, आणि अंगठा दिला. मला माझ्या चतुराईचा मोठा अभिमान वाटला. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

पण जबाब नुसत्या अंगठ्यावर होत नाही हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? साहेबांपुढं कागद ठेवणारे बन्सीधर पेशकार सज्जन माणूस, हैदराबादेकडचा, कामात चोख. त्यांनी अर्ज वाचला आणि त्याचा मराठीत अर्थ करून तिला सांगितला. मग म्हणाले, आता शपथेवर स्वतःच्या तोंडानं सांगा. मुलगा शेजारीच उभा. कमलबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल म्हणून. ती अगदी हळू म्हणाली, "माजा हाय." पेशकार म्हणाले, मोठ्यानं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "माज्या पोटचा हाय."

पाटलानं दाखला दिला, साहेबांनी मंजुरी दिली, महिना सहा हाली रुपये, म्हणजे संस्थानी नाण्यातले, लागू झाले. अट एकच. दर महिन्याला पोर आणून जिवंत दाखवायचं. पहाटे निघून मायलेकरं दुपारपर्यंत कचेरीत यायची. पेशकार पोराला विचारायचे, ही कोण? पहिल्या महिन्यात तो काकू म्हणाला, तेव्हा पेशकारांनी लेखणी थांबवली आणि मला त्याला बाजूला नेऊन शिकवावं लागलं. दुसऱ्या महिन्यापासून तो आई म्हणू लागला. मग सवयच लागली. कचेरीबाहेरही म्हणायचा, बाजारातून चालताना विनाकारण दोन-चारदा म्हणायचा. कमलबाईनं त्याला नवं कोरं कुडतं शिवलं, आयुष्यातलं पहिलं. ती दोघं निंबाखाली भाकर खायची आणि मी बघायचो. खरं सांगतो, मला फार बरं वाटायचं. फक्त तिच्या तोंडावर कधी सुख दिसलं नाही. पोरगं शिंकलं तरी ती भाकर खाली ठेवायची.

आठ महिने असे गेले. नवव्या महिन्यात ती एकटीच आली. पोराला मुदतीचा ताप भरला होता, तेरावा दिवस. सुमनबाईपाशी निजवून ती सगळी वाट चालत आली होती. मला वाटलं, पोर आणता येत नाही म्हणून सवलतीचा अर्ज हवा असेल. मी कागद काढला. ती म्हणाली, "तसं न्हाई, काका. ल्ह्या, त्यो माजा न्हाई म्हणून."

मी तिला समजावलं. ताप गावात दहा घरी आहे, त्या दहा घरच्या आयांनी काय जबाब दिला होता? एकविसाव्या दिवशी उतरेल. असं लिहिलं तर पहिली शपथ खोटी ठरते, पैसे परत मागतील, शिक्षा होईल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आठ महिने झाले मी त्याला माजा म्हणायले. त्याच्या आधी आठ वर्सं त्याला कदी साधा ताप बी आला न्हवता. तुमीच सांगा मंग."

माझ्याकडे उत्तर होतं, पण तिला उपयोगी पडेल असं नव्हतं. मी लिहायला नकार दिला. ती तशीच आत गेली आणि पेशकारांसमोर उभी राहून एवढ्या मोठ्यानं बोलली की बाहेर अंगणात ऐकू आलं. पोरगं सुमनबाईचं आहे, मी पैशासाठी खोटं बोलले. पेशकारांनी तिला पाणी दिलं, दोनदा विचारलं, विचार करायला वेळ दिला. शेवटी लिहून घेण्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं.

पोराचा ताप एकविसाव्या दिवशी उतरला. आता तिला कोण काय सांगणार?

चौकशी झाली. शाळेच्या नोंदीत बाप दिनकरराव, चंद्रभानच्या किताबात औलाद नाही. पाटील म्हणाला, मी ऐकीव माहितीवर दाखला दिला. दिनकररावांनी खरं सांगितलं असतं तर सगळं तिथंच थांबलं असतं, पण आदल्या दिवशी कमलबाईनं सुमनबाईचे पाय धरले होते. दिनकरराव मुन्सफसाहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "आमचा हाय."

मग मला विचारलं. अर्ज तुम्ही लिहिला, तुम्हाला काय ठाऊक होतं? मला सगळंच ठाऊक होतं. बाळ सूपभर ज्वारीला विकलं तेव्हापासूनची हकीकत चंद्रभाननं मला स्वतः सांगितलेली. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग नोंदींशी जुळत नसलेला अर्ज काही न बोलता कसा लिहिलात. आणि माझी अर्ज लिहायची सनद त्या साहेबांच्या हातात होती. घरी दोन मुली लग्नाच्या. मी म्हणालो, साहेब, सांगितलं ते लिहिलं, आमचं काम तेवढंच. हे वाक्य मी उर्दूत बोललो. ती शांतपणे माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर मला जड गेलं नसतं. तिला वाटलं, मी तिच्याच बाजूनं बोललो.

पैसे परत करण्याची ऐपत नव्हती. चार महिने कैद, परभणीला.

शिपाई तिला घेऊन अंगणात आला तेव्हा दिनकररावांची बैलगाडी फाटकाशी उभी होती. सटवाजी सुमनबाईचा पदर धरून उभा. तापानं केस गळालेले, पाय काटकीसारखे, पण उभा होता. कमलबाई त्याच्या जवळून गेली आणि थांबली नाही.

पोरानं हाक मारली, "आई."

ती चालत राहिली. त्याला वाटलं असेल, ऐकू गेलं नाही. तो पदर सोडून पुढं आला आणि त्यानं पुन्हा हाक मारली, आता रडत. बाजाराचा दिवस होता, माणसं थांबून बघू लागली. शिपायालाही राहवलं नाही, तो म्हणाला, बाई, एकदा बघ तरी.

कमलबाई थांबली. पण वळली नाही. रस्त्याकडेच तोंड ठेवून, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सुमनबाई, तुमचं लेकरू तुमाला बलवायलंय."