अभिमन नानांची उभी गाडी

अभिमन नानांनी उभी हयात लोकांच्या ओट्यावर चढून, कुत्री चुकवून वीजमीटरचं रीडिंग घेतलं. निवृत्त झाले तेव्हा शहरातलं देवपूरचं घर मुलाच्या हवाली केलं आणि साक्रीच्या पलीकडे, डोंगराखालच्या आपल्या शेतात राहायला गेले. तिथे दोन खोल्या बांधल्या, पण वीज घेतली नाही. चहूबाजूंना पवनचक्क्या गरगरताहेत आणि मधोमध नानांचं घर बिनतारेचं. कोणी विचारलं तर म्हणत, "जन्मभर दुसऱ्याचं मीटर वाचलं. आता माझं कोणी वाचायला नको."

छतावर सौर पॅनल होती. उन्हाळा झकास गेला. पावसाळ्यात मात्र डोंगरावर बसलेले ढग उठायचं नाव घेईनात. फ्रिजमधल्या दुधाला वास सुटला आणि नानांच्या बायकोला, कुंदाबाईंना, चिमणीच्या उजेडात भाकरी थापायची वेळ आली.

नानांचा भाचा भूपेंद्र सुरतेला होता. त्याला परदेशी नोकरी लागली आणि त्याची मोठी गाडी कोणी घेईना. तो ती घेऊन थेट शेतावर आला. "मामा, ही दोन तोंडांनी जेवते," तो म्हणाला, "पेट्रोलही खाते, वीजही. आणि मागे घरातल्यासारखा प्लग आहे. वायर टाका, घर चालेल. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊन ती भरेल."

नानांनी त्याच दिवशी वायर टाकली. दिवे लागले, पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला. पण पाव तासात सगळं गप्प झालं. ड्रायव्हरच्या जागी माणूस नसला तर ती गाडी वीज देत नसे. नानांनी तिथे बाजरीचं पोतं बसवलं आणि त्याला पट्टा बांधला. गाडी फसली.

कुंदाबाई रोज त्याच पोत्यातली बाजरी दळायला काढत. एका संध्याकाळी ऐन जेवणात दिवे गेले. नानांनी वायर तपासली, प्लग तपासला, फ्यूज काढून घातला. शेवटी कळलं की पोतं हलकं झालं होतं. ते दोघं आपला उजेडच खात होते. त्यानंतर पोत्याच्या वर वरवंटा आला.

पावसाळा सरला, ऊन पडलं, तरी नाना गाडी हलवेनात. कुंदाबाई म्हणाल्या, "माले साक्रीना बाजारले जानं शे."

"एसटीनं जा. गाडी गेली अन् ढग आले तर?"

"गाडी शे का देव्हारा शे? हालत बी नही!"

कुंदाबाई एसटीनं गेल्या आणि डोक्यावर पाटी घेऊन परत आल्या. गाडीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मार्गशीर्षात गावातल्या मंदाबाईंच्या मयुरीचं लग्न ठरलं. वऱ्हाड शिंदखेड्याचं. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी गावची डीपी जळाली आणि वीज गेली. मंदाबाई धावत शेतावर आल्या. "नाना, मांडवमां अंधार शे. बठ्ठं गाव तुम्हनीच वाट देखी ऱ्हायनं."

नाना विरघळले. घराची वायर काढून गाडी मांडवापर्यंत नेली आणि तिथे पुन्हा वायर लावली. चारचौघांत पोतं बरं दिसणार नाही म्हणून पट्टा लावून स्वतः बसले. मांडव उजळला, स्पीकर खरखरला.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा, बन्सीलाल, पुढे झाले. त्यांची फुलांनी सजवलेली जीप वाटेत बंद पडली होती. "वरात ह्या गाडीतून निघेल," ते म्हणाले.

"गाडी चालली की वीज बंद होते," नाना म्हणाले.

"मग स्पीकर?"

"बंद."

"दिवे?"

"तेही."

वादावादी झाली. वरात पाहिजे आणि उजेडही पाहिजे. अखेर नवरदेवाला मागच्या सीटवर बसवलं, गाडी जागची हलली नाही आणि वरात गाडीभोवती फिरली. बँडवाल्यांनी सात फेऱ्या घातल्या, पोरं नाचून घामाघूम झाली. सवाष्णींनी ओवाळलं, तेव्हा पुढे बसलेल्या नानांनाही कुंकू लागलं. मग नवरदेव जिथे चढला होता तिथेच उतरला आणि लोकांनी "आली रे वरात!" म्हणून त्याचं स्वागत केलं.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. नानांचं ताट खिडकीतून आत आलं. पण बन्सीलाल जेवेनात. "आमचा पोरगा जागच्या जागी मिरवला. शिंदखेड्यात काय तोंड दाखवू? नवरी ह्याच गाडीतून जाईल, आणि गाडी चालली पाहिजे."

"मी उठनू का उजेड गया!" नाना ओरडले. अर्धी पंगत अजून वरण-बट्टीवर होती.

कुंदाबाई हातातला भात वाढायचा झारा मंदाबाईंकडे देऊन बाहेर आल्या. त्यांनी प्लग धरला आणि ओढला. मांडव काळा झाला. कुणीतरी वरणात हात घालून ओरडलं. कुंदाबाई तोवर नानांशेजारी पुढच्या सीटवर बसल्याही होत्या.

"चला," त्या म्हणाल्या.

रडणारी मयुरी आणि नवरा मागे बसले. गाडी आवाज न करता सुटली. लोकांनी अंधारात टाळ्या वाजवल्या. कुंदाबाईंनी काच खाली केली आणि वाऱ्यात हात बाहेर धरला. गाडी दोंडाईच्याच्या रस्त्याला लागली. मग नाना म्हणाले, "फ्रिजमां दूध शे."

"दही व्हई जाई."

कुंदाबाई शिंदखेड्याला मुक्काम करून राहिल्या. गाडीतून तापी पाहिली, तिकडच्या बहिणीकडेही जाऊन आल्या. दोघं परत आले तेव्हा दूध दह्याच्याही पुढे गेलं होतं. नानांनी भूपेंद्रला फोन लावला: अशी आणखी एक गाडी कुणाकडे विकायची आहे का? एक घराला हवी होती आणि एक कुंदाबाईंना.